किकडाउनच्या दांडीची कैफियत

मी किकडाउनची दांडी बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. बॉनेट उघडून गाडीसमोर फोटो काढणाऱ्यांनाही मी माहीत नसते, तर तुम्हाला कुठून असणार? इंजिनाच्या कडेने खाली उतरणारी, करंगळीएवढी जाड, लोखंडाची साधी दांडी. माझ्या एका टोकाला अ‍ॅक्सिलरेटर, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. नावात दांडी असली तरी कामाला मी कधी दांडी मारलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर बरेच आळ येणार आहेत.

आमची गाडी ऑटोमॅटिक. गिअर ती आपली आपण बदलते. पण गिअरबॉक्स पडला आंधळा. पुढे चढ आहे, ट्रक आडवा आलाय, चालवणाऱ्याला घाई आहे, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? अशा वेळी चालवणारा अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवतो आणि मी गिअरबॉक्सचा कान ओढते. तो मुकाट्याने खालच्या गिअरवर येतो, इंजिन गर्जतं, गाडी उसळी घेते. अट एकच. पाय तळाला टेकला पाहिजे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. शेजारच्या टेबलावर बंपर होते, त्यांना पुसायला मऊ फडकी होती. मला एकाने आटे पाडले, वाकडी आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं आणि टोपलीत फेकलं. दिसणाऱ्यांचे लाड आणि राबणाऱ्यांना टोपली, ही जगाची रीत मी तिथेच शिकले.

गाडी घेतली बाबांनी, पण त्यांना चालवायचा धीर कधी झाला नाही. चालवायची त्यांची मोठी मुलगी, ताई. बाबा शेजारी, धाकटा मागे. धाकट्याला वळणं सोसत नसत, त्यामुळे त्याच्या हातात कायम एक पिशवी असे. चढावर पुढे एखादा ट्रक रेंगाळायला लागला की बाबा समोर बघत एवढंच म्हणायचे, “दाब.” ताई चप्पल काढून चालवायची. तिचा अनवाणी पाय तळाला टेकला की माझ्या अंगातून कळ जायची, आणि ट्रक मागे पडायचा. ते दिवस माझे सुखाचे होते.

बाबा गेले. वाटण्या झाल्या. इतकी वर्षं गाडी ताईने चालवली होती, म्हणून ती धाकट्याला मिळाली. ताईला भिंतीवरचं घड्याळ दिलं. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही, घड्याळालासुद्धा नाही.

धाकटे आता साहेब झाले होते. जुन्या गाड्यांच्या क्लबात त्यांचं वजन होतं. ते गाडी चालवत कमी आणि पुसत जास्त. मग त्यांच्या बायकोने पुढे पायांखाली घालायला गालिचा आणला, मऊ, गुबगुबीत, हाताने विणलेला. क्लबात आतल्या सजावटीचं पहिलं बक्षीस मिळालं. मागे मात्र उघडा पत्राच राहिला, कारण परीक्षक पुढचंच दार उघडून बघतात.

आणि त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. साहेब अ‍ॅक्सिलरेटर दाबत, तो गालिच्यात रुतून अडे. साहेबांना वाटे, टेकला तळाला. मी पाऊण वाट चालून थांबे. गिअरबॉक्स म्हणे, मला कुणी बोलावलंच नाही. चढावर सायकली आम्हाला मागे टाकून जात.

ताई एकदाच काय ते मागायला आली होती. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. “त्याआधी एकदा मला चढावर नेऊ दे,” ती म्हणाली. “पुढे हा पाय काय म्हणेल, सांगता येत नाही.”

साहेबांनी मोठ्या मनाने हो म्हटलं. फक्त एक बारीक अट घातली. लिंकेज (म्हणजे मीच) बिघडलंय, तेवढं काम झालं की गाडी तुझीच.

झालं, कामाला सुरुवात झाली. पहिल्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला, तेल बदललं, मान हलवली आणि गेला. दुसऱ्याने माझा नट फिरवून मला आखूड केलं. आता नुसता पाय लावला तरी मी गिअरबॉक्सचा कान ओढायची. क्लबाच्या मिरवणुकीत गाडी अशी किंचाळत, हिसके देत चालली की अध्यक्षांच्या हातातला चहा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. मला पुन्हा लांब केलं. दोष अर्थातच माझा.

तुम्ही म्हणाल, इतक्या जणांना तो गालिचा दिसला कसा नाही? दिसणार कसा? तेलकट पायांनी आत बसायला मनाई होती. पाय साहेबांचा, डोळे मेकॅनिकचे, असा कारभार होता. मेकॅनिक माझ्यावर ओणवा होऊन ओरडे, “पूर्ण दाबा.” आतून साहेब ओरडत, “पूर्ण दाबलंय.” मग दोघेही मिळून माझ्याकडे असे बघत, जणू मीच खोटं बोलतेय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते मी अंगण होऊन सोसलं. आणि ताई दर आठवड्याला फोन करून विचारे, झालं का काम? तिच्या ऑपरेशनची तारीख जवळ येत होती.

तिसरा मेकॅनिक आला त्या दिवशी ताई स्वतःच येऊन अंगणात खुर्ची टाकून बसली होती. परवा तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. पूर्ण दाबा, पूर्ण दाबलंय, असं चाललं असताना साहेबांना क्लबाचा फोन आला. ते बोलत बोलत फाटकापाशी गेले. मेकॅनिक आपले तेलकट बूट बघून थबकला आणि ताईला म्हणाला, “मावशी, साहेब येईपर्यंत जरा तुम्ही पाय देता का?”

ताईने चप्पल काढली. लंगडत येऊन आत बसली. पाय ठेवला, आणि तसाच उचलला.

“हे काय अंथरलंय खाली? गादी?”

तिने वाकून गालिचा ओढला, गुंडाळला आणि मांडीवर घेतला. मग दाबलं. किती वर्षांनी मी पूर्ण ताणले गेले. मेकॅनिक बघतच राहिला. त्याने नट जरासा फिरवून मला माझ्या जुन्या खुणेवर आणलं आणि घट्ट केलं.

साहेब परत आले. काम झालं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, काय केलंत? मेकॅनिक शहाणा माणूस, गिऱ्हाइकाचा गालिचा काढून पोट भरत नाही हे त्याला ठाऊक होतं. “लिंकेज सेट केलं,” तो म्हणाला आणि हात पुसू लागला.

साहेबांचं लक्ष ताईच्या मांडीवर गेलं. अगोदर गालिच्याला बोटांचे डाग पडल्याचं दुःख झालं. मग म्हणाले, “आत्ता नको ना ताई. आत्ताच सेट झालंय. जरा बसू दे.”

“किल्ली गाडीत आहे, मीही गाडीत आहे,” ताई म्हणाली. “तू फाटक उघड.”

साहेबांनी फाटक उघडलं आणि धावत येऊन शेजारी बसले, गालिचा छातीशी धरून. चढ आला. ट्रकही होताच, अगदी ठरवून बोलावल्यासारखा. ताईचा गुडघा कुरकुरला, माझ्या टोकाच्या सांध्याची वाटीही कुरकुरली. रस्ता मोकळा बघून ती स्वतःशीच म्हणाली, “दाब.” मी गिअरबॉक्सचा असा कान ओढला की तो इतक्या वर्षांची झोप विसरला. ट्रक मागे पडला. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडले, आणि हा माणूस चक्क खिदळला. “ताई, अजून एकदा,” म्हणाला. तेवढ्यापुरता तो पुन्हा पिशवीवाला धाकटा झाला होता, आणि मला त्याच्याबद्दल माया वाटली. लोखंडालाही होतं असं कधीकधी.

घर येईपर्यंत तो पुन्हा साहेब झाला. ताईने किल्ली त्याच्या हातात दिली. त्याने गालिचा झटकून, कोपरे नीट जुळवून पुन्हा अंथरला. ताई बघत होती. चप्पल पायात सरकवून निघून गेली.

आता माझी आजची स्थिती सांगते. ताईचं ऑपरेशन झालं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलंय. काल साहेब तिला दवाखान्यातून तपासून परत आणत होते. ती मागे बसली होती, काठी शेजारी ठेवून. चढ आला, ट्रक आला. रस्ता मोकळा होता. मागून आवाज आला, “दाब.”

साहेबांनी दाबलं, गालिच्यापर्यंत. मी पाऊण वाट जाऊन थांबले. ट्रक आपल्या चालीने पुढे गेला. साहेब चरफडत म्हणाले, “बघ, परत गेलं लिंकेज.” उद्या चौथा मेकॅनिक येतोय.

येऊ दे. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी त्या क्लबात असाल तर त्या मेकॅनिकला फाटकातच गाठून गालिच्याचं सांगा. नाही सांगितलंत तरी तुमच्याविषयी माझ्या मनात राग नाही, मला आखूड-लांब व्हायची सवय आहे. पण काल, साहेब चरफडत होते ना, तेव्हा मागच्या सीटपुढचा उघडा पत्रा थरथरला, आणि तो थरथराट माझ्यापर्यंत आला. ताईचा उजवा पाय होता. अनवाणी, आणि पार तळाला टेकलेला.