पांढऱ्या गाडीची तीट

महानंदानं चौथं लिंबू पुढच्या उजव्या चाकाखाली सरकवलं आणि हात मागं घेताना बोट आतल्या बाजूला घासलं. बोटाला चिकट, काळं काहीतरी लागलं. तिनं वाकून पाहिलं. चाकाच्या आतल्या कडेला ग्रीसचे शिंतोडे उडाले होते आणि एक्सलच्या टोकावरचा, ग्रीस आत राखणारा रबरी बूट फाटून लोंबत होता.

ती उभी राहिली. दारात सगळं घर जमलं होतं. तिची धाकटी जाऊ शिवप्रिया नवी साडी नेसून स्टिअरिंगवर बसली होती. गाडी जुनीच घेतलेली, पण पांढरीशुभ्र, आणि शिवप्रियाच्या स्वतःच्या पगारातली. विभूती झाली, हळदकुंकू झालं, नारळ फुटला. चाकाखाली लिंबं तेवढी मोठ्या सुनेनं ठेवायची, असं सासूबाईंनी म्हणजे कस्तुराबाईंनी ठरवलं होतं. गाडी एकीची आणि वाकायचं दुसरीनं.

सांगायला तोंड उघडलंच होतं महानंदानं. तेवढ्यात कस्तुराबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या घरात गाडी चालवणारी ही पयलीच बाई."

महानंदाचं तोंड आपसूक मिटलं. पदराला डाग नको, म्हणून ते काळं बोट तिनं बंपरच्या कोपऱ्याला टेकवलं.

लिंबं चिरडली, गाडी हातभर पुढं गेली. शिवप्रिया खाली उतरली आणि तिची नजर नेमकी त्या काळ्या ठिपक्यावर पडली.

"अक्का, तीट लावली व्हय तुमी?"

सगळे बघायला लागले. महानंदानं बोट पदरात लपवलं.

"लावली," ती म्हणाली. "पांढरी हाय. दिष्ट लागंल."

"मोठीचं मन मोठं हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. सतरा वर्षांच्या संसारात असं कौतुक महानंदाच्या वाट्याला दोनदा-तीनदा आलं असेल. आलं ते हे असं, खोटं.

महानंदाच्या वडिलांचं नळदुर्गला हमरस्त्यावर गॅरेज होतं. शाळा सुटली की ती तिथं जायची. दुरुस्तीला आलेली गाडी वडील अंगणात गोल फिरवायचे आणि ओरडून विचारायचे, "कोनचं चाक बोलतंय गं?" ती डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची. वळताना कटकट करतं ते एक्सल, हे तिला पाढ्यांबरोबरच पाठ झालं होतं. सोळाव्या वर्षी तिनं एकदा स्टिअरिंगवर बसू द्या म्हटलं, तर वडील हसले. "तुला गाडी कोन देनार हाय?" त्यांचं खरं ठरलं. तामलवाडीच्या या घरात तिला मिळाली ती चूल, आणि शिवप्रिया आली ती नोकरी घेऊनच. सकाळी डबा भरून द्यायचा महानंदानं, आणि हॉर्न वाजवत धाराशिवला जायचं हिनं.

जळफळाट व्हायचा. अगदी खरं सांगायचं तर, फाटका बूट पाहिल्यापासून त्या जळफळाटाला थोडी गोडीही आली होती. सगळ्या घराला न दिसलेली गोष्ट एकट्या महानंदाला ठाऊक होती. तिसऱ्या दिवशी फाटकातून वळताना गाडी बोलली, कट, कट, कट. महानंदा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. दोन दिवसांनी आवाज वाढला. मागं घेऊन पहिला गिअर टाकला की खालून धाडकन ठोका यायला लागला. शिवप्रियाच्या नवऱ्यानं, बसवेशनं, बॉनेट उघडून पाहिलं आणि पाणी भरून परत लावलं. महानंदाला हसू आवरेना, ती आत निघून गेली.

रस्त्यात बसावी गाडी एकदा, एवढंच तिला वाटायचं. चार लोकांनी ढकलावी. हिनं रुमालानं घाम पुसत एसटीनं घरी यावं. त्यापलीकडं तिनं मनाला जाऊ दिलं नव्हतं.

नवव्या दिवशी जेवताना शिवप्रिया म्हणाली, "आज साठच्या पुढं गाडी लई थरथरत हुती. रस्ताच खराब हाय."

महानंदाच्या हातातली पळी आमटीतच राहिली. म्हणजे आता थोडेच दिवस. एक्सल निसटलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. घाटात, चढावर, मागं भरलेला ट्रक. वडिलांच्या गॅरेजात अशी एक गाडी ओढून आणली होती. मागून चेपलेली. मागच्या सीटवर कुणाची तरी चप्पल होती. महानंदानं ती पाहिली होती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, तरी ती उठून कुणाला काही बोलली नाही. काय बोलणार? तीट लावली म्हणून कौतुक घेऊन बसली होती ना.

सकाळी कस्तुराबाई डोळे तपासायला धाराशिवला निघाल्या. इरकल नेसून, पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. शिवप्रियानं गाडी मागं घेतली, पहिला गिअर टाकला. खालून ठोका आला. फाटकाकडं वळताना कटकट, आता न थांबता.

महानंदा ओल्या हातानंच धावत जाऊन गाडीपुढं उभी राहिली.

"आज एसटीनं जावा."

कस्तुराबाईंनी काच खाली घेतली. "का? आमी गाडीत बसलेलं बगवंना व्हय तुला? पोटात दुखतंय हिच्या."

तेही खरंच होतं.

"तसं न्हाय आत्याबाई," शिवप्रिया म्हणाली. "अक्कांना काळजी वाटती आपली." मग महानंदाकडं बघून हसली. "काय हुत न्हाय अक्का. तुमी तीट लावलीय न्हवं? गाडी धुताना तेवढी जागा सोडते मी. यांनाबी हात लावू दिला न्हाय."

महानंदानं बंपरकडं पाहिलं. गाडी आरशासारखी चकचकीत होती. कोपऱ्यातला ठिपका तसाच होता, भोवती धुळीचं बारीक कडं राखलेलं.

"ती तीट न्हवं," ती म्हणाली. "ग्रीस हाय. चाकाचं. एक्सल गेलंय तुझं, बूट फाटलाय."

"तुमाला कसं..."

"लिंबू ठेवताना बोटाला लागलं. पूजेदिवशीच कळलं हुतं मला."

इंजिन बंद झालं. मागच्या सीटवरून कस्तुराबाई, काय झालं, काय झालं, विचारत राहिल्या. शिवप्रिया दार उघडून उतरली, बंपरपाशी आली, ठिपक्यावर अंगठा दाबून फिरवला. तो पुसला गेला नाही, नुसता पसरला.

मग ती ऑफिसच्या साडीतच उजव्या चाकापाशी धुळीत गुडघे टेकून वाकली. महानंदाकडं तिनं पाहिलं नाही.

"कुटं बगायचं," ती म्हणाली, "दावा."