सात दाबांचा चमत्कार

गॅरेजसमोरची गर्दी श्वास रोखून एका माणसाच्या पायाकडे बघत होती. जुन्या पिकअपमध्ये पेडलबाबा बसले होते. डोळे मिटून ते एकेक मंत्र म्हणत आणि प्रत्येक मंत्राला ब्रेक दाबत. सातव्या मंत्राला मऊ पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"झाला ब्रेक जिवंत," बाबा म्हणाले. "गाडीखाली थेंब दिसतील. घाबरू नका, ती पीडा गळतेय."

पिकअपचा मालक कृतार्थ झाला. गॅरेज चालवणाऱ्या त्याच्या वहिनीची मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या सकाळी तो आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी याच गाडीतून डोंगरउतारावरून नेणार होता. ब्रेकचा पाइप बदला, असं ती त्याला दोन आठवडे सांगत होती. पण पिकतं तिथे विकत नाही.

तोवर पेडल पुन्हा मऊ पडलं होतं. "भावजी, आता तुम्ही बसा," ती म्हणाली. "मंत्राऐवजी सातचा पाढा म्हणा आणि प्रत्येक आकड्याला ब्रेक दाबा."

"वहिनी, चेष्टा नको."

"पाढ्याने पाप लागत नाही."

अठ्ठावीसलाच पेडल घट्ट झालं. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"आता पाय उचलू नका, दाबून धरा."

पेडल हळूहळू खाली बसत तळाला टेकलं. वहिनीने गाडीखाली पुठ्ठा सरकवला, त्यावर टपटप थेंब पडले. एक बोटावर घेऊन तिने दिराच्या नाकाशी धरला. "वास घ्या. पीडा आहे की ब्रेक ऑइल? क्लिपखाली पाइप गंजलाय. भराभर दाबलं की घटकाभर जोर येतो, धरून ठेवलं की ऑइल गळून जातं. आणि उतारावर ब्रेक धरूनच ठेवावा लागतो." मग ती बाबांकडे वळली. "उद्या तुम्हीही बसा ना पुढे, आईंच्या शेजारी."

बाबांना नेमकी दुसऱ्या भक्ताची आठवण झाली.

दुपारभर खपून तिने जुना पाइप काढला, त्याच्याच वळणांनी नवा वाकवून बसवला, लाइनमधली हवा काढली. दिराने पेडल दाबून शंभरपर्यंत मोजलं. ते जागचं हललं नाही.

"वहिनी, मी आईला घेऊन निघालो असतो," तो म्हणाला.

"निघाला असता. पेडल घट्ट झालं एवढंच तुम्ही सगळ्यांनी पाहिलं, किती वेळ टिकतं ते कोणी पाहिलं नाही. पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तेवढं मोजा."