गुंडाळीचा कीबोर्ड

बाईंनी बत्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला आणि त्यातल्या सर्वांत ढ मुलीलाच पुढे सून करून घेतलं. ही मुलगी टाइप करताना सारखी मान खाली घालून बोटांकडे बघायची. बाई तिला ‘वाकडमाने’ म्हणत आणि पट्टीनं तिची हनुवटी वर उचलत. लग्नाला वीस वर्षं झाली तरी सुनेच्या तोंडी ‘आई’ काही बसलं नाही. बाई त्या बाईच राहिल्या.

आता बाई दीड महिना रुग्णालयात होत्या. श्वासासाठी गळ्यात नळी घातलेली, त्यामुळे आवाज बंद. हात इतके थरथरायचे की पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या. काही विचारलं तर मान कधी हलायची, कधी नाही. त्यांना काही कळत नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. सोमवारी त्यांना भान हरपलेल्यांच्या संस्थेत हलवायचं ठरलं. सुनेचा नवरा हो म्हणून आला आणि जिन्यात बसून राहिला.

सुनेला मात्र ते पटेना. ऑफिसात सगळ्यांनी नावं ठेवलेला एक रबरी कीबोर्ड तिच्या कपाटात पडून होता. गुंडाळला की पर्समध्ये मावायचा, पण त्याची बटणं जोर लावल्याशिवाय दबायचीच नाहीत. शनिवारी दुपारी तिनं तो आणला.

“वॉर्डात कीबोर्ड चालत नाही, फटीत घाण बसते,” नर्स म्हणाली.

“ह्याला फटीच नाहीत. धुऊन देऊ?”

नर्सनं तो औषधी पाण्यानं स्वतःच पुसून दिला. बाईंच्या मांडीवर ठेवला तर पांघरुणात रुतायला लागला, म्हणून सुनेनं जेवणाचा ट्रे उलटा करून खाली घातला आणि टॅब्लेट जोडला. बाईंनी डोळे मिटले आणि हात त्यावर ठेवले. थरथरीचे हलके धक्के रबराला लागतच नव्हते. लोखंडी टाइपरायटर बडवलेली ती बोटं जिथं जोरानं उतरायची, तेवढंच उमटायचं.

उमटलं ते मात्र निव्वळ अगम्य. अक्षराला अक्षराचा मेळ नाही. मध्येच डावा हात उचलून त्या हवेत काहीतरी उजवीकडे ढकलू लागल्या.

“बास कर आता,” नवरा दारातून म्हणाला. “बघवत नाही मला.”

“मग नका बघू, जिन्यात जाऊन बसा. मी बघते.”

तिनं स्क्रीनचा नाद सोडला आणि जुन्या खोडीनं मान खाली घातली. बाईंची बोटं चाचपडत नव्हती, ठरलेल्या घरी बसून उठत होती. साठ-पासष्ट ठोके झाले की डावा हात वर जायचा, ढकलायचा आणि परत जागेवर यायचा. पुन्हा तेवढेच ठोके, पुन्हा हात. एकदम सुनेला उलगडलं. बाई ओळ संपली म्हणून टाइपरायटरचा दांडा ढकलत होत्या. बटणांवर काय छापलंय ते त्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यांची बोटं जुन्या यंत्राच्या जागांवर चालली होती. आणि आपण शहाण्यांनी टॅब्लेट नव्या मांडणीवर ठेवलेला.

तिनं सेटिंगमध्ये जाऊन टाइपरायटरची मांडणी निवडली.

“बाई, पुन्हा पहिल्यापासून,” ती म्हणाली.

बाईंनी डोळे न उघडता सुरुवात केली. स्क्रीनवर शब्द येऊ लागले, तेही एकही चूक नसलेले.

‘मला सगळं कळतं. कुठंही पाठवू नका. त्याला जिन्यातून बोलवा, तिथं गारठा आहे.’

“मी इथंच आहे, आई,” नवरा म्हणाला आणि पलंगाचा कठडा धरून लहान मुलासारखा रडला. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. कुणाकुणाचे आभार मानावेत ते सुनेला कळेना. नर्सचे मानावेत, की त्या रबराच्या तुकड्याचे, की बाईंच्या त्या दणकट बोटांचे? तिला एवढंच कळलं, की सोमवारी बाई कुठंही जाणार नाहीत. ती डोळे पुसत होती, तोच ट्रेवर पुन्हा हालचाल झाली.

‘वाकडमाने, बोटांकडे बघायची खोड गेली नाही तुझी.’

डावा हात हवेत गेला, ओळ सरकवून परत आला.

‘मी पट्टीनं ती मोडू शकले नाही, हे माझं नशीब.’

“हो, आई,” सून म्हणाली.