हिरवा ठिपका

शुभ्राने हापशाच्या पाण्यात औषधाचे लाल थेंब सोडले आणि काचेची नळी उन्हात धरली. पाणी चांगलं असतं तर लाल राहिलं असतं. ते बघता बघता पिवळं पडलं. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पिवळंच. पाण्यात फ्लोराइड होतं, आणि भरपूर होतं.

ओटीवर येऊन तिने लॅपटॉप उघडला. तिनेच आठ वर्षांपूर्वी केलेला नकाशा. हिर्डोशी गावाच्या वरच्या अंगाला सगळे लाल ठिपके, म्हणजे दूषित पाणी, आणि मधोमध ही एवढीच वस्ती हिरवी, म्हणजे चांगल्या पाण्याची. लाल ठिपक्यांचे हापसे बंद झाले, तिथे नदीचं पाणी आलं. हिरव्याला काही करायची गरजच नव्हती. खडकातून झिरपणारं विष नेमकी एक वस्ती सोडून कसं गेलं, हा साधा प्रश्न भोरच्या कचेरीत बसून रंग भरताना आपल्याला पडू नये, याची आता तिला लाज वाटली.

पायरीवर साडेसात वर्षांची शेफाली बसली होती. फ्लोराइडने नव्या दातांवर तपकिरी पट्टे पडलेले, चालताना गुडघे एकमेकांना घासायचे. पोरीचे पाय सरळ होतील ना, असं तिची आई मंगल सकाळपासून दोनदा विचारून गेली होती. शुभ्राने दोन्ही वेळा विषय बदलला होता.

"आजी, आठ वर्षांपूर्वी आले तेव्हा तपासणीची बाटली मीच भरली होती ना?" शुभ्राने ओटीवरच्या म्हातारीला विचारलं.

"तुमी कशाला भरताय?" मंगलच्या सासूबाई, साळूबाई हसल्या. "उनाचं चढून आलावता. हितंच टेकलात, च्या घेतला. म्हनलं, द्या बाटली, म्या भरते."

"हापशावर?"

"अगं बया! पावन्याच्या बाटलीत हापशाचं मचूळ पानी घालू व्हय? झऱ्याचं घातलं. मंगल तवा पोटुशी व्हती, तरी सकाळच्या पारी डोंगरावनं हंडा आनायची. त्यातलंच दिलं."

दारात तांदूळ पाखडणाऱ्या मंगलचं सूप थांबलं. पाहुणीला चांगलं दिल्याचा आनंद अजून म्हातारीच्या तोंडावर होता.

"म्हंजी," मंगल हळूच म्हणाली, "माज्या हंड्यामुळं झालं ह्ये?"

"नाही." शुभ्राने लॅपटॉप मिटला. "हापसा इथून शंभर पावलांवर आहे. मी उठून गेले नाही, म्हणून झालं."

मंगलने शेफालीला जवळ ओढलं आणि तिचा फ्रॉक गुडघ्यांवरून खाली सारखा केला.

"आजपासून हिला हापशाचं पाणी नको, मंगलताई. झऱ्याचंच आणा."

"कुठला झरा? दर साली आमी गाळ काढायचो त्यातला. तुमचा कागद आला, हापसा चांगला म्हनून. मंग कोन जातंय वर? बुजला त्यो. लई दिस झालं."

साळूबाई एकदा मंगलकडे, एकदा शुभ्राकडे बघत राहिल्या. त्यांचं हसू मावळलं.

"का गं? माजं काय चुकलं व्हय?"

मंगलने भरून आलेले डोळे पुसले नाहीत. तिने सूप पुन्हा उचललं.

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमी चांगलंच पानी दिलं."