उलट्या विहिरीचं लग्न

आमच्या कॉलनीतल्या आंब्याचं पाण्याच्या टंकीशी लग्न झालं. दोन्हीकडची मंडळी समाधानी आहेत.

असं काहीही झालेलं नाही. लखनऊच्या विकास नगरमधली आमची कॉलनी सुशिक्षित आहे, इथे टंक्यांची लग्नं लावत नाहीत. त्यामुळे त्या रविवारी मोटर कोणी चालू ठेवली, हा कॉलनी समितीचा प्रश्नही उद्भवत नाही.

आता जे झालेलं नाही, ते कसं झालं ते सांगतो.

मधुकरकाका रेल्वेतून इंजिनियर म्हणून रिटायर झाले आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी झाले. यंदा त्यांनी ठरवलं की कम्युनिटी हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर अस्सल वारली चित्र पाहिजे. डहाणूकडच्या गीताताई वरठांना त्यांनी फोन लावला. "ते नाचणारे लोक नकोत हं," काका म्हणाले, "ते आमच्या उशांवर आहेत, कपांवर आहेत, एकाच्या तर चड्डीवर आहेत. आम्हाला लग्नघराच्या भिंतीवर काढतात तो चौक पाहिजे. देवीसकट."

"लग्न कोणाचं आहे?" गीताताईंनी विचारलं.

"होईल हो ते. तुम्ही या तर खरं."

पस्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाच्या तोंडून 'होईल हो' याचा अर्थ काय, हे डहाणूला माहीत असायचं कारण नाही.

गीताताई आल्या. आमच्याच घरी उतरल्या. पहिल्या दिवशी लखनऊच्या चौक बाजारात जाऊन त्यांनी मुलीसाठी चिकनकारीचा कुर्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला गेरू लावला. मग तांदळाचं पीठ कालवून बांबूच्या काडीने कामाला लागल्या. "काढते" नाही म्हणायच्या, "चौक लिहिते" म्हणायच्या. चौकटीत मधोमध पालघाट देवी, तिच्या आजूबाजूला फणी, शिडी, चंद्र, सूर्य. बाजूच्या छोट्या चौकात पाच डोक्यांचा देव. भिंत टंकीच्या अगदी पायथ्याशी आहे. एवढी सुंदर गोष्ट आमच्या कॉलनीत याआधी कधी झाली नव्हती. लोक दूध आणायला जाताना थांबायचे आणि दूध विसरायचे.

शनिवारी दुपारी चौक पुरा झाला. गीताताईंनी देवीचं तोंड फडक्याने झाकलं, हात धुतले आणि विचारलं, "नवरी कुठंय?"

मधुकरकाका म्हणाले, "नवरी प्रतीकात्मक आहे."

"मग ती कधी पोचते?"

काका पाणी प्यायले. मग त्यांनी खरं सांगितलं. लग्न नव्हतं. नुसताच चौक होता.

गीताताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या. "मी देवीला लग्नाला बोलावलंय. ती येऊन बसलीये. आता तिला काय सांगू? घरी जा बाई, चेष्टा होती?" मग म्हणाल्या, "भात झोडून झालं की माझ्या पोरीचं लग्न आहे. तिचा चौक मी कुठल्या हातानं लिहू? फसवलेल्या?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गीताताईंची गाडी होती.

माझी आई उठून उभी राहिली. हेमा हे तिचं नाव, पण त्या क्षणी ती पूर्ण वधू-वर सूचक मंडळ होती. "आपल्या अर्णवचं करून टाकू," ती म्हणाली. अर्णव म्हणजे मी. मी किड्यांवर पीएचडी करतो, त्यामुळे बाजारात माझा भाव काय आहे ते मला माहीत आहे. तरी काकांची मुलगी मैत्रेयी माझ्याकडे बघून ज्या वेगाने म्हणाली, "नहीं यार, मेरा एग्ज़ाम है," तो वेग लागला. परीक्षा कुठली ते तिने अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा आमच्या शेजारच्या पांडे चाची बोलल्या. चाची रोज संध्याकाळी हॉलच्या पायरीवर बसतात, समोरच्या दशहरी आंब्याच्या झाडाखाली. ते झाड चाचाजींनी लावलं होतं. चाचाजी गेले. झाड दरवर्षी लगडतं, अख्खी कॉलनी आंबे खाते, चाची खात नाहीत. आम्हाला वाटायचं शुगर आहे.

"शुगर तुमरे दुसमन का होय," चाची म्हणाल्या. "बिन बियाहे पेड़ का आम लगावे वाले नाहीं खाते. पहिले बाग का बियाह होत है, कुआँ के साथ. पांडे जी कहत रहे, अगले साल करेंगे, अगले साल करेंगे।" म्हणजे झाडाचं विहिरीशी लग्न लागेपर्यंत ते लावणाऱ्यांनी त्याचा आंबा खायचा नाही, आणि चाचाजींचं 'पुढच्या वर्षी' राहूनच गेलं. चाचींनी झाडाकडे पाहिलं. "लड़का हमारा तैयार है. लड़की ढूँढ़ो।"

कॉलनीत विहीर नाही. सगळे हिरमुसले. पण मधुकरकाकांमधला इंजिनियर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जागा झाला. "विहीर म्हणजे काय?" ते म्हणाले. "खोल गेलेलं पाणी. टंकी म्हणजे काय? तेच पाणी, वर आलेलं. टेक्निकली ही उलटी विहीर आहे."

चाचींनी मान वर करून टंकी नीट पाहिली, सून पाहतात तशी. "लंबी है," म्हणाल्या. "चलेगी।"

गीताताईंचं मन मात्र मानेना. त्यांनी गावातल्या धवलेरीला फोन लावला. धवलेरी म्हणजे वारल्यांत लग्न लावणारी बाई; तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. फोन स्पीकरवर होता.

"नवरा कसाय?" पलीकडून म्हातारा आवाज आला.

"हिरवा," गीताताई म्हणाल्या.

"आणि नवरी?"

"उंच. पाणी भरते."

"घरचे?"

"नवऱ्याची आई हाय. चांगली बाई हाय."

फोन जरा खरखरला. मग आवाज आला, "आपल्याला झाडं कधीपासून परकी झाली गं? लाव लग्न. मी उद्या खडकावर चढून गाते, तिथं रेंज हाय."

रविवारी सकाळी लग्न लागलं. म्हणजे लागलं नाही. पण हळद आंब्याच्या बुंध्याला आणि टंकीच्या चारही खांबांना लागली. मुलीकडून काका उभे राहिले, टंकी बांधली तेव्हा सही त्यांची होती म्हणून. आईने मंगलाष्टका म्हटल्या. अंतरपाट म्हणून आमच्या बेडची चादर होती, तिचं एक टोक मी धरलं होतं आणि दुसरं मैत्रेयीने. मला दिलेलं दुसरं काम मोटर बंद करण्याचं होतं. माणसाला दोनच हात असतात आणि चादरीपलीकडे मैत्रेयी होती.

फोनवर धवलेरी गात होती. शब्द सगळे कळत नव्हते, पण मध्येच एकदा स्पष्ट 'टंकी' ऐकू आलं, आणि तिने ते असं गायलं जणू पिढ्यान्पिढ्या गाण्यात टंकी होतीच. गीताताईंनी देवीच्या तोंडावरचं फडकं काढलं. आम्ही अंतरपाट खाली घेतला. अक्षता उडाल्या.

आणि टंकी भरून वाहिली.

वरून धबधबा आला. आईच्या साडीवर, काकांच्या चष्म्यावर, आंब्याच्या पानांवर आणि सरळ भिंतीवर. तांदळाचं पीठ किती टिकणार? आधी चंद्र गेला, मग शिडी, मग फणी. काका "टारपोलिन! टारपोलिन!" म्हणत धावले. त्यांनी वॉर्निश मागवून ठेवलं होतं, वरून काच बसवायचा विचार होता. पोचेपर्यंत भिंतीवर फक्त गेरू होता, तोही वाहत होता.

काका गीताताईंसमोर हात जोडून उभे राहिले. रडत होते की भिजले होते, सांगता येणार नाही. "तुमचं सगळं काम गेलं हो."

गीताताई हसत होत्या. "गेलं कुठं? देवीनं लग्न बघितलं, निघाली. राहून काय करणार ती, काचेमागं?" त्यांनी आपला चौक लिहिणारा हात त्याच पाण्याखाली धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि पदराला पुसला. "आता चालंल," त्या हाताला म्हणाल्या. आम्हाला नाही.

चाचींनी खाली पडलेला एक आंबा उचलला, दाबून मऊ केला, डोळे मिटून चोखला. आम्ही सगळे थेंब गाळत बघत होतो.

"खट्टा है," चाची म्हणाल्या. आणि दुसरा उचलला.

संध्याकाळी मी गीताताईंना स्टेशनवर सोडलं. गाडी हलता हलता त्या खिडकीतून म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाला या. सगळे या. आणि त्या दोघांना पण सांगा, जोडीनं यायचं."

आम्हाला आमंत्रण तोंडी होतं, पण त्या दोघांच्या बाबतीत रीतसर परवानगी लागेल असं काकांचं मत पडलं. म्हणून अर्ज खालीलप्रमाणे:

प्रति, कॉलनी समिती, विकास नगर. विषय: जोडीने रजा मिळणेबाबत. महोदय, न झालेल्या विवाहातील वर (आंबा, दशहरी) आणि वधू (टंकी, उंच) यांना श्रीमती गीता वरठा यांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आहे. तरी भात झोडून झाल्यावर दोघांनाही डहाणूस जाण्या-येण्यापुरती रजा मंजूर करावी. त्या काळात कॉलनीला पाणी येणार नाही आणि सावली पडणार नाही, याची रहिवाशांनी नोंद घ्यावी. वराच्या आई सोबत येणार असल्याने, प्रवासात वधूला काठोकाठ भरून ठेवू नये, ही नम्र विनंती.