दुसरी हाक

फोन वाजला तेव्हा तामोत्सुचे दोन्ही हात बोटीच्या इंजिनात होते.

"आई, फोन!" त्याने शेडमधूनच घराकडे तोंड करून हाक मारली.

मुलगा झाल्यापासून बायकोला तोही आईच म्हणायचा. मुलगा मोठा होऊन ओसाकाला गेला तरी ते तसंच राहिलं होतं. पहिल्या हाकेला ती कधीच ओ देत नसे. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"आई! फोन वाजतोय!"

दुसऱ्या हाकेलाही काही नाही. मग त्याला आठवलं, ती पोस्टात गेली होती. चिंधीला हात पुसत तो आत आला आणि तेल लागू नये म्हणून दोन बोटांनी रिसीव्हर उचलला.

"हिराइवांचं घर ना? मी हॉस्पिटलमधून बोलतेय. किनुए हिराइवा या आपल्या—"

"ती बाहेर गेलीय," तो म्हणाला. "आली की सांगतो."

पलीकडच्या बाईने पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगितलं.

किनुए पोस्टाच्या पायऱ्यांवर जरा टेकली होती, ती तिथून उठली नाही. हातातलं पाकीट मात्र त्याआधी पेटीत टाकून झालं होतं.

सातव्या दिवशी सेत्सुबाई भेटायला आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, गावातलं हायकू मंडळ त्या चालवायच्या. किनुए दर महिन्याला तिथे जायची. बाईंनी उदबत्ती लावली आणि किनुएच्या फोटोला हात जोडले. फोटोशेजारी भटजींनी दिलेली पाटी होती. तिच्यावर रिवाजाप्रमाणे तिला मेल्यानंतर मिळालेलं नवं, लांबलचक नाव होतं. त्यातली दोन अक्षरं तामोत्सुला वाचता येत नव्हती.

"तिचं पाकीट पोचलं," बाई म्हणाल्या. "या महिन्याचे तीन हायकू आहेत. बाजूला ठेवू, की बाकीच्यांत मिसळू? तुम्ही सांगाल तसं."

"पाठवलेत ना तिने? मग मिसळा."

"मग तुम्हाला यावं लागेल."

"मी? मला त्यातलं काय कळतंय, बाई. मी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस."

"कळायचं काही नाही. कुठला कुणाचा ते आम्ही लपवून ठेवतो. निवडून वाचला गेला, की लिहिणाऱ्याने जागेवरून नाव सांगायचं. आडनाव नाही, नुसतं नाव. तिचा वाचला गेला आणि कुणीच काही बोललं नाही, तर तो बेवारशी राहायचा. ते मला बघवणार नाही."

तामोत्सुने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. तो आधीच त्यांच्यापुढे होता.

"नुसतं नाव," तो म्हणाला.

"नुसतं नाव."

बाई गेल्यावर फोटोसमोर बसून तो तिचं नाव एकदा म्हणायला गेला. घसा खाकरण्यापलीकडे काही झालं नाही. मग उठून त्याने तांदूळ धुतले.

मंडळ बंदराजवळच्या सभागृहात भरायचं. स्टोव्हवर किटली होती, टेबलावर हिरवट संत्री. तामोत्सु दाराजवळच्या आसनावर बसला, टोपी मांडीवर ठेवून.

"अरे, इकडे ये शेकायला," म्हातारा गेन्पाची ओरडला. तो मासेमार, तामोत्सुचं जुनं गिऱ्हाईक. "तिथे बसून काय पहारा देतोयस?"

सगळ्यांच्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसल्या गेल्या. ज्याच्या हाती ज्या आल्या त्या त्याने आपल्या अक्षरात मोठ्या कागदावर उतरवल्या, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. मग कागद हातोहात फिरू लागले. या महिन्याचा विषय धुकं होता.

"तुम्हीही निवडा, काका," तोफू विकणारी नोदोका त्याच्या हातात पेन्सिल देत म्हणाली. "आवडेल त्यावर खूण करायची. परीक्षा नाहीये."

त्याने एकेक ओळ बोटाने धरून वाचली. तिचा ओळखायचा, आणि आपणच निवडायचा, हे त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. बरेच हायकू त्याने सोडून दिले. दुसऱ्या कागदावर मधोमध एक सापडला.

धुकं दाट
आवाजावरून ओळखते
ह्यांची बोट

त्याच्या कानाशी गरम झालं. लग्नानंतरची काही वर्षं त्याची बोट होती, इंजिन खोकायचं. त्याने इतकी दाबून खूण केली की पेन्सिलचं टोक मोडलं.

वाचन सुरू झालं. त्याची पाळी आली तेव्हा सेत्सुबाईंनी तो हायकू दोनदा वाचला. तामोत्सुने टोपी बाजूला ठेवली, पाठ ताठ केली आणि श्वास घेतला.

"गेन्पाची!" म्हातारा मांडीवर थाप मारून ओरडला.

सगळे हसले.

"आजोबा, आजी वाट बघतात की काय तुमची?" नोदोकाने विचारलं.

"कसली वाट बघते! दारात उभा राहिलो तरी टीव्हीवरची मान वळत नाही तिची. म्हणून तर मला लिहावं लागतं."

तामोत्सुही हसला. हसता हसता त्याने टोपी परत मांडीवर घेतली.

वाचन पुढे चाललं. नावं येत होती, कुणी लाजत, कुणी ऐटीत. तिचं अजून आलं नव्हतं. कागद संपत आले तसा तो टोपीची कड दुमडायला लागला.

"आता नोदोकाने निवडलेला," सेत्सुबाई म्हणाल्या आणि वाचलं.

धुक्यातून आईची हाक
गप्प राहते मी
अजून एक येईपर्यंत

रिवाजाप्रमाणे त्यांनी पुन्हा वाचलं. कुणी काही बोललं नाही. गेन्पाचीचा संत्रं सोलणारा हात थांबला. किटलीचं झाकण तेवढं हलत होतं.

तामोत्सुने कागद जवळ ओढला. अक्षर गेन्पाचीचं होतं, वाकडंतिकडं. मघाशी या ओळींवरून त्याचं बोट न थांबता पुढे गेलं होतं. किनुएची आई ओहोटीच्या वेळी शिंपल्या काढायला जायची आणि ती लहान असतानाच वारली, एवढंच त्याला माहीत होतं.

त्याने त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या; या वेळी बोट 'अजून एक'वर थांबलं. मग डाव्या हाताने आपला डावा कान चोळला.

"किनुए," तो म्हणाला.

आवाज जेमतेम टेबलापर्यंत पोचला. सेत्सुबाईंनी मान हलवली, वहीत नाव लिहिलं आणि पुढचा कागद उचलला.

तामोत्सुने हात वर केला. "थांबा, बाई."

तो उठून उभा राहिला. शेडमधून घराकडे हाक मारायचा, तशी त्याने खिडकीकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली.

"किनुए!"

कुणी हसलं नाही. दुसऱ्या हाकेनंतर तो घरी जेवढा थांबायचा तेवढा थांबला आणि मग खाली बसला. नोदोकाने सोललेलं संत्रं त्याच्यापुढे ठेवलं.

न निवडलेले हायकू कुणाचे, हे मंडळात विचारायचं नसतं. निघताना त्याने ते कागद मागून घेतले आणि सेत्सुबाईंनी दिले. जेवण झालं की तो चष्मा लावून ते घेऊन बसतो. नाव न लागलेले बरेच आहेत. तिचे दोन त्यांतच आहेत, आणि ते ओळखायचे राहिले आहेत.