खदानीकाठचा भाव

वसमतच्या बाहेर खदान वस्ती आहे. पूर्वी तिकडं जायला रिक्षावाले कुरकुर करायचे. दिवसभर सुरुंगाचे आवाज, दगडाची धूळ. मग खदान बंद पडली, खड्डा पाण्यानं भरला, काठावर बाभळी वाढल्या. बायपास झाला तसे नांदेडचे डॉक्टर, हळदीचे व्यापारी गाड्या घेऊन येऊ लागले. 'लेक व्ह्यू' म्हणत वस्तीतल्या घरांकडं बोटं दाखवू लागले. काठाच्या गल्लीतली सहापैकी तीन घरं विकली गेली, त्यांना उंच कंपाऊंड आलं.

चौथ्या घरात सोजराबाई राहायची; घरापुढं थोडी मोकळी जागा होती. अमृतराव, तिचा नवरा, खदानीत सुरुंग भरायचा. ती खडी फोडायची. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा धम्मदीप पुण्यात नोकरीला. घरासाठी एका गिऱ्हाइकाचा फोन आला तसा तो गावी आला.

"माय, असा भाव पुन्हा यायचा न्हाई. माझ्याकडं येऊन राहा. इथं एकटी काय करून राहिलीस?"

सोजराबाईला ते पटलंही होतं. गुडघे दुखायचे, आणि शेजार पांगला होता. तिनं हो म्हटलं.

त्याच आठवड्यात ज्योती तिच्याकडं आली. याच गल्लीत जन्मलेली. तिच्या बापानं आजारपणात घर मातीमोल विकलं होतं. आता ती शाळेत शिक्षिका होती, बदली होऊन वसमतला आली होती.

"मावशी, गल्लीत कुठं जागा हाये का? तीन ठिकाणी विचारलं. पगाराच्या कर्जात बाथरूमएवढी जागा बी बसत न्हाई."

"माझंच चाललंय विकायला," सोजराबाई म्हणाली आणि तिला उगीचच अपराध्यासारखं वाटलं.

बयान्याच्या दिवशी गिऱ्हाईक आलं, देविदास नावाचा हसतमुख माणूस. चहा पिऊन झाल्यावर तो मागं गेला. घराच्या मागून पाण्याकडं दगडी पायऱ्या उतरत होत्या. शेजारची चतुराबाई तिथं गोधड्या धूत होती.

"हे बंद करावं लागंल," देविदास म्हणाला. "पायऱ्या तुमच्याच हद्दीत येतात. गेट लावतो."

"मग ह्या बायांनी कुठून उतरायचं?"

"आजी, आता नळ आलेत घरोघर."

तो चुकीचं बोलत नव्हता. पण सोजराबाईनं चतुराबाईकडं पाहिलं. अमृतराव गेला तेव्हा महिनाभर हीच बाई तिच्या चुलीजवळ बसून राहिली होती. दुपारी याच पायऱ्यांवर आठ-दहा जणी बसत, कुणाच्या लेकीचं जमलं, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, सगळं इथंच ठरत असे.

"भाव पाण्याला आलाय, भाऊ, आमाला न्हाई," ती म्हणाली. "मला विचार करू द्या."

देविदासनं बयान्याचे पैसे परत पिशवीत ठेवले आणि गाडीकडं गेला. धम्मदीप चिडला.

"माय, काहून माघार घेतली? लोकं आपल्याला वेडं म्हणतील!"

"म्हणू दे. पुण्यात आठ दिवस राहिले होते मी, तुला आठवतंय? शेजारणीचं नावसुद्धा कळलं न्हाई. म्हातारपणी मला नाव घेऊन हाक मारणारं माणूस पाहिजे."

धम्मदीप तिन्हीसांजेला पायऱ्यांवर जाऊन बसला. चतुराबाईनं त्याला नावानं हाक मारून पाठीवर थाप मारली, जेवायला बोलावलं. परत येऊन तो म्हणाला, "घर आणि मागचा भाग तू ठेव. पुढची मोकळी जागा विक. पण नीट भाव सांग, फुकट न्हाई."

सोजराबाईनं ज्योतीला बोलावलं. पुढची जागा तिला परवडेल त्या भावात, आणि कागदावर एक अट: तिच्या जागेतून पायऱ्यांकडं जाणारी वाट सगळ्यांना खुली राहील. ज्योतीनं ते वाक्य स्वतः लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं.

ज्योतीच्या घराच्या पायाचं खोदकाम सुरू झालं तेव्हा चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या घरालाही गिऱ्हाईक लागलं होतं.

"ज्योती, माझ्या भाचीला बी वसमतात राहायचंय, तिलाच जागा देते म्हणते. तू लिहिलं तसं मला लिहून देशील?"

"देते की," ज्योती म्हणाली. "रविवारी कागद घेऊन येते."

"रविवारी कशाला?" सोजराबाई म्हणाली. "आत्ताच बस, चहा ठेवते."